पहिल्या होडीचा भाव

विरारहून सुटणाऱ्या डहाणू लोकलमध्ये डाव्या हाताची खिडकी धरा. वैतरणा स्टेशन मागे पडलं की गाडी पुलावर चढते, चाकांचा आवाज बदलतो आणि खाली खाडीचं मातकट पाणी दिसू लागतं. पुराणातली वैतरणी ओलांडली की माघारी येणं नाही म्हणतात. तुम्ही याल, पण पूल संपेस्तोवर डोळे मिटून घ्या. उघडाल तेव्हा डब्यात कोळशाचा धूर शिरलेला असेल, खिशातला फोन नाहीसा झालेला असेल, आणि समोरच्या बाकावरची म्हातारी टोपलीतली नागवेलीची पानं ओल्या फडक्याखाली झाकत असेल.

सफाळे. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा फलाट, साल 1937, महिना मार्गशीर्ष. विजेची गाडी गेल्याच वर्षी विरारपर्यंत आली. त्यापुढे अजून वाफेचं राज्य आहे. मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ येऊन सहा महिनेही झालेले नाहीत. पालघर जिल्हा व्हायला अजून 77 वर्षं आहेत. हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यातला.

तुमच्या काळात मित्रांचं बोलावणं येतं ते माल्टाचं. 1968 पासून तिथे शिडाच्या नौकांची मोठी शर्यत होते: माल्टाहून निघायचं, सिसिलीला वळसा घालायचा, परत माल्टा, एकूण सुमारे 606 सागरी मैल. विमानाचं तिकीट, भूमध्य समुद्रातलं ऊन, रात्री धक्क्यावरच्या मेजवान्या. तुमच्या इथल्या, एडवणच्या दोस्तांनीही आठवडाभराच्या शर्यतींनाच बोलावलं आहे. फक्त यांच्या मेजवानीला तांदळाची भाकरी आणि ओले बोंबील असतात, आणि स्टेशनबाहेर गाडी उभी आहे ती बैलाची.

वाटेत मिठागरं लागतात, खाजणं लागतात, मग वाडवळांच्या वाड्या. बोंबील सुकत असल्याचा वास वाऱ्यावर आला की एडवण आलं. आधी आशापुरीच्या देवळात हात जोडायचे, मग कोळीवाडा, असं दोस्त बजावतो. तुम्ही जोडता. पुढच्या दोन दिवसांत त्याचा उपयोग होईल.

या शर्यतीचं वेळापत्रक कुठल्या क्लबाने काढलेलं नाही, ते चंद्राने काढलेलं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाण्याला ओढ असते, आणि डोल या ओढीवरच चालते. समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेलं ते मोठ्या तोंडाचं लांबलचक जाळं प्रवाहाकडे तोंड करून राहतं. मासळी पाण्याबरोबर आत येते आणि शेपटाकडे अडकते. भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं, तेव्हा जाळी शिवायची, होडीला माशाचं तेल चोपडायचं, भांडणं मिटवायची. उधाण लागलं की सगळ्यांनाच माल सापडतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. एडवणला सापडतो तसा कोऱ्याला, दातिवऱ्यालाही सापडतो. वर सातपाटीची गलबतं आहेतच. ओला बोंबील काही कुणासाठी थांबत नाही. सगळ्यांचं तोंड मुंबईकडे. जी होडी पहिली लागेल तिच्या तांडेलाशी दलाल हसून बोलतो, तिसरीच्या तांडेलाकडे मान वर करून बघतही नाही. पहिल्या आणि तिसऱ्या होडीला मिळणाऱ्या भावातला फरक हाच इथला चषक, आणि तो त्याच संध्याकाळी तांदूळ, तेल आणि सुताच्या रूपात घरी येतो.

म्हणून तुमचे तिघे दोस्त जिवलग असले तरी आज रात्री एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. तीन होड्या आहेत. तुम्ही पहिल्याच्या होडीत, त्याचे काका तांडेल.

काकी भाकऱ्या बांधून देतात. काका तुमच्याकडे बघत विचारतात, "आज तिथी कोणती?"

"वद्य द्वितीया."

"पाऊणपट कर."

"दीड."

"मग दीडला पाणी भरलं. घड्याळ कशाला लागतंय?"

हिशेब खरा आहे, थोडाफार मागेपुढे होतो इतकंच. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा, पंधरवडा भरताना सव्वाअकरा. शाळेत न गेलेली माणसं हे गुणाकार तोंडी करतात. तुमच्या फोनवर यासाठी वेगळं ॲप होतं आणि तुम्ही ते कधी उघडलं नव्हतं.

रात्री दीडला होड्या आपोआप वाळूवरून उठतात. चांदणं भरपूर आहे. जमिनीकडून मतलई वारा सुटलाय, गार आणि कोरडा, त्याला गवताचा वास. पुढचे सहा तास ओहोटी, आणि या किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी दक्षिणेकडे ओढतं. म्हणजे वारा बाजूने, पाणी मागून. निघण्याची वेळ याहून चांगली नेमता आली नसती. काकांनी ती नेमलेली नाहीच, पण तिचा एक क्षणही वाया घालवत नाहीत.

आता शीड बघा. सागाची डोलकाठी सरळ नाही, पुढे नाळेकडे झुकलेली आहे. तिच्यावर लांबलचक तिरकी काठी चढते आणि त्या काठीला तिकोनी शीड, पुढचं टोक छाटलेलं. अशाच तिरक्या काठीची शिडं अरबी समुद्रात आणि भूमध्य समुद्रात शतकानुशतकं चालत आली आहेत. माल्टाच्या बंदरातला जुना कोळी या होडीत चढला असता तर कुठला दोर ओढायचा हे त्याला विचारावं लागलं नसतं. हे शीड वाऱ्याच्या तोंडाशी जितकं जवळ जातं तितकं जुनं चौकोनी शीड कधी जात नसे. त्याचा त्रास एकच: वारा दुसऱ्या अंगाला घ्यायचा झाला की अख्खी काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून फिरवावी लागते. पाच माणसं, प्रत्येकाचा हात नेमका जागेवर. एक चुकला तर काठी कुणाच्या तरी डोक्यात. तुम्हाला सांगितलेलं काम सोपं आहे: वाऱ्याकडच्या काठावर बसायचं, सांगितलं की बाहेर झुकायचं, आणि मधल्या वेळात तळाचं पाणी उपसायचं.

दातिवऱ्याचं टोक मागे पडतं. वैतरणेच्या मुखात पाणी उकळतं, नदी आणि समुद्र एकमेकांना ढकलत असतात. उजव्या हाताला सोडा किंवा डाव्या, अर्नाळ्याचं बेट दिसतंच. किल्ल्याचा तट चांदण्यात काळा. मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला 1737 मध्ये, बरोबर दोनशे वर्षांपूर्वी. वसईच्या मोहिमेत या पट्ट्यातली ठाणी, केळवे, माहीम, तारापूर, एकामागून एक आली. इतिहासात चिमाजी अप्पांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. पण वाळूच्या दांड्यांतून रात्री फौजा उतरवणारे तांडेल कोण, त्यांची नावं कुठल्या पोवाड्यात आहेत, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दुसरी होडी हाकेच्या अंतरावर आहे. तिसरी थोडी बाहेर, खोल पाण्यात. तिकडे ओढ जास्त मिळेल असा तिचा होरा. काका बोलत नाहीत. दर थोड्या वेळाने पूर्वेकडे बघतात: कामणदुर्गाचा सुळका कुठे आला, त्याच्या मागचा डोंगर त्याच्याआड गेला की नाही. दोन डोंगर एका रेषेत आले की जागा कळली. खलाशी शिडावर पाणी मारतात. ओलं कापड फुगतं, वीण मिटते, वारा त्यातून निसटत नाही. उत्तनचा डोंगर अंधारातच मागे जातो. वेसाव्यासमोर उजाडतं.

आठच्या सुमारास ओहोटी संपते. आता पाणी उलटं, उत्तरेकडे. वाराही मवाळ होत जातो आणि वरळीसमोर साडेनऊला साफ पडतो. शीड डोलकाठीला बिलगतं. इथे शर्यत ठरते, आणि वेगाने जायच्या वेळी नव्हे, थांबायच्या वेळी ठरते.

तिसऱ्या होडीवाले वल्ही काढतात. दम लागेपर्यंत मारतात, आणि किनाऱ्यावरच्या एका माडाशी ताडून बघितलं तर जागच्या जागी आहेत. काका नांगर टाकायला सांगतात. शर्यतीत नांगर! तुम्ही तोंड उघडता, दोस्त खुणेने गप्प करतो. पुढे न जाण्यात आज कमाई आहे. निदान मागे तरी जात नाही. सिसिली आणि इटलीच्या मधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत माल्टाच्या शर्यतीतल्या नौकांना असलाच उलटा प्रवाह भेटतो. तिथे उपग्रह, हवामानाचे नकाशे, लाखो युरोंची शिडं असतात. वारा पडला की त्यांच्याकडेही हाच इलाज उरतो.

भाकरी खा. वेळ आहे, तर एक गोष्ट ऐका. जगातली सगळ्यात गाजलेली शर्यती नौका म्हणजे 'अमेरिका'. 22 ऑगस्ट 1851 ला इंग्लंडच्या वाइट बेटाला वळसा घालून तिने इंग्रजांना हरवलं. 'अमेरिकाज कप' हे नाव तिच्यावरून पडलं. तिचा बांधा कुठून आला? न्यूयॉर्क बंदरातल्या वाटाड्यांच्या होड्यांवरून. येणाऱ्या जहाजापर्यंत जो वाटाड्या आधी पोहोचेल त्याला काम मिळे, म्हणून त्या होड्या वेगवान झाल्या होत्या. म्हणजे श्रीमंतांच्या खेळाचा हा चषक जन्मला तो पोटासाठी धावणाऱ्यांच्या होडीतून. आपल्याकडे होडी होती, धाव होती, कसब होतं. खेळ तेवढा झाला नाही.

बाराला पाण्यावर सुरकुत्या येतात. वायव्येकडून खारा वारा. नांगर वर, शीड भरतं, होडी अंग झाडून निघते. मलबार हिलचं टोक, मग कुलाब्याची लांब जीभ. समोर प्राँग्जचा दीपस्तंभ, 1875 चा, त्याच्या पायाशी पसरलेले खडक. ओहोटीला ते उघडे असतात. आता भरती आहे, सगळं पाण्याखाली. बाहेरून वळसा घातला तर सुरक्षित, आतून खडकांवरून कापलं तर बरीच वाट वाचते. किती पाणी आहे? तिथी सगळ्यांनाच माहीत आहे.

दुसरी होडी आत वळते. दोस्त काकांकडे बघतो. काका होडीच्या काठाकडे बघतात, मग तुमच्याकडे, नखशिखान्त. पाच माणसांच्या होडीत तुम्ही सहावे. ती बोटभर जास्त बुडली आहे.

"बाहेरून," काका म्हणतात.

त्या एका बोटाने तुम्ही हरता. दुसरी होडी दीपस्तंभाच्या आतून सुखरूप बाहेर पडते आणि तुम्ही वळसा पुरा करता तेव्हा ती बंदरात शिरलेली असते. बंदरात आज रविवार आहे. अपोलो बंदराच्या बाजूला पांढरीशुभ्र शिडं, रॉयल बॉम्बे यॉट क्लबची. क्लब 1846 चा. शर्यतीला तोफ, हातात घड्याळं, सभासद सगळे गोरे. त्यांच्यातला एक जण नौकेवरून तुमच्या होडीकडे बघतो. टोपल्या आणि माणसं भरलेल्या, माशाच्या तेलाने काळ्या पडलेल्या होडीने त्याला मागे टाकलेलं असतं, पण त्याच्या हिशेबी ती शर्यतीत नसते.

ससून डॉकजवळ होडी लागते. दुसऱ्या नंबरचा भाव बरा मिळतो. काका तुम्हाला बोलत नाहीत, फक्त परतीच्या फेरीत तुम्ही आगगाडीने गेलात तर चालेल असं सुचवतात.

आता बंदराकडे तोंड करून उभे राहा आणि वर्षं पुढे जाऊ द्या. 1982: दिल्लीच्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती याच पाण्यात. फायरबॉल प्रकारात सुवर्ण फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांना. पहिल्याच्या आडनावात एडवणच्या उत्तरेचं तारापूर आहे. 19 ऑगस्ट 2009: नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 56 फुटी 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे निघतात आणि पुढच्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परततात, शिडावर एकट्याने हे करणारे पहिले भारतीय. नौका बांधली गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांनी. कौतुक करावं असंच सगळं. फक्त या यादीत एडवण, कोरे, सातपाटी यांच्यापैकी कुणी नाही. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिन आलं, ते यायलाच हवं होतं. वारा पडल्यावर उपाशी राहण्यात काही थोरवी नव्हती. पण शिडाबरोबर जे कसब उतरलं ते क्लबांपर्यंत पोहोचलं नाही, आणि क्लब कोळीवाड्यांपर्यंत आले नाहीत. दोन्ही शिडं एकाच बंदरात असूनही.

ऑगस्ट 2024 मध्ये याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. 76 हजार कोटींहून मोठा प्रकल्प, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षांचा विरोध. त्या वादाचा निकाल काहीही लागो, एवढ्या पैशांच्या शेजारी शिडाच्या होड्यांची एक वार्षिक शर्यत अवघड नाही. एडवणहून निघावं, अर्नाळ्याला वळसा घालून परत यावं. नियम एकच: इंजिन बंद. जिल्हा प्रशासनाने, मच्छीमार सोसायट्यांनी आणि मुंबईच्या यॉट क्लबांनी मिळून हे मनावर घ्यावं. तोवर तुमच्या घरात किंवा शेजारी शीड हाकलेला एखादा म्हातारा तांडेल असेल, तर त्याच्याकडे वही घेऊन बसा. काठी कशी फिरवायची, वारा कुठे पडतो, कुठला डोंगर कशाच्या रेषेत धरायचा, हे विचारा आणि त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.