गाडगेबाबांचे कीर्तन आणि 'देवकीनंदन गोपाला'

राजदत्त दिग्दर्शित 'देवकीनंदन गोपाला' हा संत गाडगेबाबांवरचा चित्रपट १९७७ साली आला. डॉ. श्रीराम लागू यांचे नाव निघाले की 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन' आठवतात. त्या मानाने त्यांनी गाडगेबाबा उभे केलेला हा चित्रपट मागे पडला. वऱ्हाडातल्या कीर्तनाच्या इतिहासात मात्र त्याला महत्त्व आहे.

गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे गेले. मुलीच्या बारशाला मटण-दारूचा रिवाज मोडून त्यांनी भाऊबंदांना गोड जेवण वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले.

दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ता. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत न अडकता ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. नवसाचे बोकड, सावकाराचे कर्ज, दारू, शिवाशीव, पोरांचे शिक्षण हे त्यांचे विषय. मध्येच 'गोपाला'चा गजर होई. चित्रपटाचे नाव त्यातूनच आले.

बाबांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांची कीर्तने मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या आठवणींत टिकली. चित्रपटाचे लेखक गो. नी. दांडेकर अशांपैकीच एक. परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले दांडेकर काही काळ बाबांच्या सहवासात होते.

'प्रभात'च्या 'संत तुकाराम'पासून (१९३६) मराठी संतपटांत चमत्कारांना मानाचे स्थान होते. गाडगेबाबा चमत्कार आणि गुरुबाजी या दोहोंचे विरोधक. पुढे उघडपणे निरीश्वरवाद मांडणाऱ्या लागूंनी ही भूमिका करावी, हेही त्या विचाराला साजेसेच. बाबांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ झाले, म्हणजे चित्रपटाच्या अवघी २१ वर्षे आधी. वऱ्हाडातल्या चाळिशीपुढच्या अनेकांनी मूळ कीर्तन ऐकलेले होते. पडद्यावरच्या बाबांना त्यांच्या नजरेस उतरायचे होते.

अभिनयाने उभे केलेले कीर्तन मूळ कीर्तनाची जागा घेऊ शकत नाही. निधनापूर्वी वांद्र्यात झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणात बाबांचा खरा आवाज आहे. श्रोत्यांशी चालणारी त्यांची सवाल-जवाबाची रीत डोळ्यांनी पाहायला हा चित्रपट उपयोगी पडतो.