जिनिव्हाचा बहिष्कार आणि पुस्तकांची सवलत

सरकारी कचेरींत 'रक्कम सँक्शन झाली' असें कोणी सांगितलें कीं ऐकणाराचा चेहरा उजळतो. आणि वर्तमानपत्रांत 'अमुक देशावर सँक्शन्स' असा मथळा दिसला कीं त्याच शब्दानें त्या देशाच्या व्यापार्‍यांच्या पोटांत गोळा उठतो. मंजुरी आणि शिक्षा हीं दोन्हीं एकाच शब्दांत कशीं नांदतात, असा प्रश्न इंग्रजीच्या तासाला एखादा चौकस मुलगा हटकून विचारी. कायद्याला बळकटी आणणारी तरतूद असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. ती तरतूद संमतीची असेल, किंवा दंडाची असेल. आज मला बोलावयाचें आहे तें दंडाविषयीं. एका राष्ट्रानें, अथवा अनेक राष्ट्रांनीं मिळून, दुसर्‍या राष्ट्राशीं मालाचा व पैशाचा व्यवहार तोडावा, याला आपण मराठींत आर्थिक निर्बंध म्हणतों. आपल्याकडील वाळीत टाकण्याच्या जुन्या रूढीशीं त्याचें नातें उघड आहे. पण गांवची वाळ एका रात्रींत पुरी होई. राष्ट्रांच्या वाळीला यादी लागते, आणि यादी आली कीं मागोमाग अपवादही येतात. हे अपवादच आज आपण विशेष लक्ष देऊन पाहूं. हा विषय मुत्सद्द्यांचा व सावकारांचा, विद्यापीठांतील मंडळींना त्याचें काय, असें ज्यांना वाटत असेल त्यांना त्या अपवादांतच उत्तर सांपडेल.

ता. ३ ऑक्टोबर १९३५ रोजीं इटलीच्या फौजा अबिसीनियांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, शिरल्या. दोन्ही देश राष्ट्रसंघाचे सभासद होते. संघाच्या करारनाम्याच्या सोळाव्या कलमांत असें लिहिलें होतें कीं, जो सभासद करार मोडून युद्ध पुकारील त्यानें सर्वच सभासदांशीं युद्ध पुकारलें असें समजावें, व त्याच्याशीं व्यापाराचे आणि पैशाचे सर्व संबंध तोडावे. पहिल्या महायुद्धांत नाकेबंदीनें जर्मनीचे जे हाल झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, आणि रक्त न सांडतां आक्रमकाला नमविणारें हें शस्त्र आहे असा अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचा विश्वास होता. मौज अशी कीं, त्यांची अमेरिका संघांत कधीं आलीच नाहीं. उलट हिंदुस्थान पारतंत्र्यांत असूनही संघाचा मूळ सभासद होता, आणि तो या बहिष्कारांतही सामील झाला; येथल्या लोकांना अर्थात् कोणी विचारलें नव्हतें.

संघाच्या सभेंत चोपन्न सभासदांपैकीं पन्नासांनीं इटलीला दोषी ठरविलें. ऑस्ट्रिया, हंगेरी व आल्बेनिया बाजूला राहिले, आणि इटलीचा विरोध होता हें सांगावयास नको. ता. १८ नोव्हेंबर १९३५ पासून निर्बंध अंमलांत आले. इटलीला शस्त्रें विकावयाचीं नाहींत. कर्ज अगर उधारी द्यावयाची नाहीं. इटलीचा माल घ्यावयाचा नाहीं. आणि ठराविक जिनसा तिला पुरवावयाच्या नाहींत, अशी ही चौपदरी योजना होती. परक्या देशांत ज्याची किंमत निदान चौथाईनें वाढली आहे असा इटालियन माल मात्र चालेल, इतका बारीक हिशेब तिच्यांत होता.

आतां ही शेवटची यादी पाहण्यासारखी आहे. घोडे, खेंचरें, गाढवें व उंट द्यावयाचे नाहींत. रबर, कथील, निकेल, मँगेनीज, क्रोमियम, कच्चें लोखंड द्यावयाचें नाहीं. अ‍ॅल्युमिनियम द्यावयाचें नाहीं. अ‍ॅल्युमिनियम ही तर इटलीजवळ गरजेपेक्षां अधिक असलेली एक धातु! चर्चिलनें आपल्या युद्धेतिहासांत या गोष्टीची चांगलीच थट्टा केली आहे. आणि ज्यावांचून इटलीचे रणगाडे, लॉर्‍या व विमानें हलूं शकलीं नसतीं तें तेल यादींत नव्हतें. कोळसा नव्हता. सुएझचा कालवाही मोकळा होता. इटलीच्या सैन्याचीं जहाजें पट्टी भरून त्यांतून खुशाल जात होतीं. सभासदांच्या ताब्यांत ज्या वस्तूंचा पुरवठा बहुतांशी आहे तेवढ्याच यादींत घालाव्या, असें कारण देण्यांत आलें. तेलाचा मोठा पुरवठा अमेरिकेच्या हातीं होता व ती संघाबाहेर होती. कारण खोटें नव्हतें, पण पुरतें खरेंही नव्हतें. रुमानिया हा तेल विकणारा देश सभासदच होता. तेल बंद केलें तर मुसोलिनी आपल्याशीं युद्ध करील, ही लंडनची व पॅरिसची धास्ती खरें कारण होती. तेलबंदीची चर्चा चालू असतांनाच, डिसेंबरांत, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री होर व फ्रान्सचे लाव्हाल यांनीं अबिसीनियाचे लचके तोडून इटलीला देण्याची गुप्त योजना आंखली. ती पॅरिसच्या पत्रांत फुटली आणि होरसाहेबांना राजीनामा द्यावा लागला. जिनिव्हाच्या ठरावांतील उरलासुरला जीव मात्र तेथेंच गेला. तेलबंदी झाली असती तर आठवड्याभरांत अबिसीनियांतून माघार घ्यावी लागली असती, असें मुसोलिनीनें पुढें हिटलरजवळ बोलून दाखविल्याचें दुभाषी श्मिट यांनीं नमूद केलें आहे.

इटलींत काय झालें? ज्यांना या शस्त्राच्या दुसर्‍या धारेची कल्पना यावयाची असेल त्यांनीं ता. १८ डिसेंबर १९३५ हा दिवस आठवावा. त्या दिवशीं रोममध्यें राणी एलेना हिनें आपली लग्नाची सोन्याची अंगठी देशासाठीं अर्पण केली, आणि तिच्यामागून लक्षावधि स्त्रियांनीं आपल्या अंगठ्या दिल्या. मोबदल्यांत त्यांना पोलादाच्या मिळाल्या. आपल्याकडे मंगळसूत्र उतरून द्यावें तशीच ही गोष्ट आहे. आदल्याच वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालेला नाटककार पिरांदेल्लो यानें आपलें पदक देऊन टाकलें. दुधांतील केसीनपासून कृत्रिम लोकर काढण्याचे कारखाने निघाले. सोनें आटलें, आयात घटली, आणि १९३६ च्या ऑक्टोबरांत लिराचें मूल्य उतरवावें लागलें. पण तोंवर निर्बंध उठून गेले होते. जी माणसें मुसोलिनीला मनांतून कंटाळलीं होतीं तींही बाहेरच्या माराबरोबर त्याच्या पाठीशीं उभीं राहिलीं.

ता. ५ मे १९३६ रोजीं आदिस अबाबा पडलें. ३० जून रोजीं सम्राट् हेले सेलासी जिनिव्हाच्या सभेंत बोलावयास उभे राहिले तेव्हां इटालियन पत्रकारांनीं शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. त्यांना बाहेर काढल्यावर सम्राटांनीं आपल्या अम्हारिक भाषेंत भाषण केलें, आणि विषारी वायूनें मेलेल्या आपल्या प्रजेची हकीकत सांगितली. चारच दिवसांनीं सभेनें निर्बंध उठविण्याचा ठराव केला, व १५ जुलैपासून इटलीशीं व्यापार पूर्ववत् सुरू झाला. शिक्षा भोगली ती अबिसीनियानें.

आतां ज्या अपवादासाठीं ही सारी कथा सांगितली त्याकडे येतों. इटलीचा माल घ्यावयाचा नाहीं या ठरावांतून सोन्याचांदीखेरीज आणखी कांहीं वस्तु वगळल्या होत्या: पुस्तकें, वर्तमानपत्रें, नियतकालिकें, नकाशे, आणि छापील संगीत. इटलीचें रेशीम बंदरावर अडलें असतें, पण इटलीचें गणिताचें मासिक विद्यापीठाच्या ग्रंथालयांत बिनदिक्कत येऊं शकत होतें. तेलाची सवलत भीतीपोटीं होती. ही सवलत मला सभ्यतेची वाटते. ज्याच्याशीं भांडण आहे त्याचें म्हणणें वाचण्याची वाट तरी बंद होऊं नये, इतका विवेक त्या फसलेल्या योजनेंतही शिल्लक होता.

दुसर्‍या महायुद्धानंतर विद्येचें स्वरूप पालटलें. ज्ञान पुस्तकांतून निघून यंत्रांत जाऊन बसलें, आणि यंत्राला पुस्तकाची सवलत कोण देणार? १९८० नंतरच्या दशकांत भारतानें अमेरिकेकडे महासंगणक मागितला. त्याचा उपयोग शस्त्रांकडे होईल या शंकेनें मागितलें तसें यंत्र मिळालें नाहीं. हवामानाच्या अंदाजासाठीं दिल्लीस एक लहान यंत्र आलें, तेंही अटी घालून. त्याच सुमारास, १९८८ सालीं, पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. गणेशखिंडीस विद्यापीठाच्याच आवारांत या संस्थेचें ठाणें झालें. याचा अभिमान वाटावा हें योग्यच. परंतु नकार मिळाला म्हणून सर्वच देशांना परम साधतो असें मात्र नाहीं. मे १९९८ मध्यें पोखरण येथें अणुचाचण्या झाल्यावर अमेरिकेनें आपल्या अनेक संशोधनसंस्थांचीं नांवें यादींत घातलीं. सप्टेंबर २००१ मध्यें बरेचसे निर्बंध उठले. कांहीं नांवें मात्र त्यानंतरही कित्येक वर्षें यादींत होतीं.

अमेरिकेचा आणखी एक नियम प्राध्यापकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. नियंत्रित तंत्रविद्या तेथल्याच प्रयोगशाळेंत परदेशी विद्यार्थ्याला समजावून दिली, तरी ती त्याच्या देशीं निर्यात झाली असें कायदा मानतो. जहाज नाहीं, गोदी नाहीं. फळ्यासमोर उभ्या असलेल्या मास्तरांच्या तोंडून निर्यात!

पुस्तकाची जुनी सवलत त्याच देशांत १९८८ सालीं कायद्यांत आली होती. छापील साहित्य निर्बंधांतून मुक्त ठरलें होतें. पण २००३ सालीं एक चमत्कारिक प्रश्न निघाला. विद्युत् व इलेक्ट्रॉनिक शास्त्राच्या आय. ई. ई. ई. या संस्थेकडे इराणी शास्त्रज्ञांचे निबंध येत. निबंध जसाच्या तसा छापणें हें साहित्याचें प्रकाशन. पण त्यांतील वाक्यें मागेंपुढें करणें, व्याकरण सुधारणें, चुकीच्या शब्दाजागीं बरोबर शब्द घालणें, ही त्या लेखकाची सेवा होते, आणि सेवा देण्यास परवाना पाहिजे, असें अर्थखात्याच्या कचेरीनें कळविलें. ज्यानें सारा जन्म वह्यांवर तांबडी शाई ओतण्यांत घालविला त्याला हा निवाडा वाचून हसावें कीं रडावें तें कळेना. शत्रुराष्ट्राच्या लेखकाचा स्वल्पविराम दुरुस्त करणें हा व्यापार ठरला! एप्रिल २००४ मध्यें त्या कचेरीनें या संस्थेपुरता आपला अर्थ फिरविला. पुढें प्रकाशकांनीं न्यायालयांत दाद मागितली. शांततेचें नोबेल मिळविलेल्या इराणच्या शिरीन एबादी यांनींही आपल्या आठवणींच्या पुस्तकासाठीं दावा लावला, आणि डिसेंबरांत नियम सैल झाले.

पुस्तकाला वाट मिळाली. पैशाला मात्र ती वाट नाहीं. पुण्याच्या महाविद्यालयांत इराणी विद्यार्थी कित्येक वर्षें शिकत आले आहेत. मार्च २०१२ मध्यें इराणच्या अनेक बँका 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेंतून तोडल्या गेल्या. २०१६ सालीं त्यांतील कांहीं पुन्हां जोडल्या गेल्या, आणि २०१८ च्या नोव्हेंबरांत पुन्हां तुटल्या. अशा देशांतील बापाजवळ पैसे असतात, पण ते मुलाच्या कॉलेजांत पोंचविण्याचा सरळ मार्ग उरत नाहीं. औषधें व अन्न यांना अपवाद असूनही त्यांच्या पैशाचा व्यवहार करावयास बँका कचरतात, मग फीची कथा काय? दंडाची रक्कम मोठी असल्यामुळें बँकेचा कारकून कायद्यानें मागितलें असेल त्याहून चार पावलें मागेंच थांबतो. मुलाचें गुणपत्रक बिनचूक असतें, प्रवेशाचा अर्जही बिनचूक असतो. अडतें तें या ठिकाणीं. अशा वेळीं पैसे कोणत्या बँकेकडून येणार हें आधींच विचारून घेणें, आणि फीची मुदत चार-सहा आठवडे वाढवून देणें, हें विद्यापीठाच्या कचेरीला आपल्या अधिकारांत करतां येतें.