चप्पल कोल्हापुरी, टाका अथणीचा

सीमाभागातल्या मराठी घरांत काही वस्तू नुसत्या वापरायच्या नसतात, त्या खूण म्हणून मिरवायच्याही असतात. कोल्हापुरी चप्पल ही त्यांपैकी एक. फेटा, धोतर आणि पायात करकर वाजणारी कोल्हापुरी, एवढे झाले की माणूस कुठला हे सांगावे लागत नाही, अशी आपली समजूत. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी माणसाला तर या चपलेचा अभिमान कांकणभर जास्तच. राज्य कोणतेही असो, पायातले पायताण कोल्हापूरचे, असा त्यात एक मुका हट्टही असतो. मीही याच मुलखातला असल्याने हा हट्ट मला परका नाही.

पण ही खूण ज्या हातांनी घडवली ते हात कुठले, त्या घरात कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो विचारायला गेले की वाट कोल्हापूरला न थांबता कृष्णाकाठ ओलांडून अथणीला जाऊन पोचते.

वस्तूला नाव पडते ते पुष्कळदा बाजारपेठेचे. कोल्हापूर ही संस्थानची राजधानी, अंबाबाईचे क्षेत्र आणि मोठी पेठ. दर्शनाला आलेला माणूस परतताना चपलेचा जोड घेऊन जाई आणि गावी गेल्यावर त्याला 'कोल्हापुरी' म्हणे. घडवणारे मात्र आसपासच्या कितीतरी गावांत विखुरलेले होते. जाणकारांच्या तोंडी 'कापशी', 'कुरुंदवाडी' ही नावे अजूनही आहेत. ती त्या त्या गावांवरूनच पडली. १८९४ ते १९२२ या काळात राज्य करणाऱ्या शाहू महाराजांनी या कारागिरीला आश्रय दिला, आणि नाव दूरवर गेले. तिकडे बेळगाव जिल्ह्यात अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग या भागांत हेच काम पिढ्यान् पिढ्या चालू होते. तिथला माल कोल्हापूर-मिरजेच्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि दुकानात मांडला की कोल्हापुरी होई. १९५६ पूर्वी हा सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता, त्यामुळे यात कुणाला काही वावगेही वाटत नसे.

हे काम किती कष्टाचे आहे ते पाहिल्यावाचून पुढचे बोलणे पोकळ ठरेल. आधी कातडे कमवायचे. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सैल करायचे, मग धारदार पात्याने केस आणि आतले मांस खरवडून काढायचे. त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा. जुन्या पद्धतीत कातडे पखालीसारखे शिवून, आत सालीचा काढा भरून ते टांगून ठेवीत. काढा कातड्यातून हळूहळू झिरपे, तो खाली भांड्यात धरून पुन्हा वर ओतायचा. काही दिवसांनी पखाल उलटी करायची, म्हणजे दोन्ही टोकांना रस सारखा मुरे. यात आठवडेच्या आठवडे जात. क्रोमच्या क्षारांनी कातडे फार लवकर कमावता येते, पण सालीत मुरलेल्या कातड्याचा घट्टपणा आणि तो मातकट, मधाळ रंग त्याला येत नाही.

मग चप्पल. तळासाठी म्हशीचे जाड कातडे. रापीने तळ कापायचे, पाण्यात भिजवायचे आणि दगडावर ठेवून ठोकायचे. ठोकून ठोकून कातड्याचे तंतू घट्ट बसतात, म्हणून तळ वर्षानुवर्षे टिकतो. दोन थरांच्या मध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवायचे, आरीने भोके पाडायची आणि कातड्याच्याच वादीने सगळे शिवून टाकायचे. खिळा एकही नाही. या चपलेचे खरे मर्म इथे आहे. लोखंड नाही म्हणून गंज नाही. टाका कातड्याचाच, म्हणून तो तळाबरोबरच फुगतो आणि तळाबरोबरच आकसतो. शेवटी तेल पाजायचे. नवी चप्पल चावते ही तक्रार आपण सगळ्यांनीच केली आहे. पण आठ-पंधरा दिवसांत ती पायाचा आकार घेते आणि मग दुसऱ्याच्या पायाला नीट होत नाही. तयार मापाच्या जोड्याला ही माया नाही.

या कामाची वाटणी ठरलेली. तळ कापणे, ठोकणे, शिवणे हे बहुधा पुरुषांकडे. पट्ट्यावरची बारीक वेणी, ठशांची नक्षी, गोंडा हे बायकांकडे. म्हणजे ज्या नाजूकपणासाठी आपण चप्पल निवडतो तो घरातल्या बाईच्या बोटांचा. विकायला पुरुष जाई, पैसेही त्याच्याच हाती पडत, आणि वेणी विणणारी नावावाचून राही. अथणीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस या बायकांचे बचतगट उभे राहिले. त्यांतून 'टोहोल्ड' या नावाने चपला थेट परदेशी ग्राहकापर्यंत जाऊ लागल्या. आपल्या टाक्याला दाम किती हे त्या बायकांपैकी कितीतरी जणींना तेव्हाच पहिल्यांदा कळले असेल.

आता भाषेचे. मराठीत कातडे कमावणारा तो ढोर आणि चप्पल शिवणारा तो चांभार. कानडीत तेच डोहर आणि समगार. चपलेला आपण पायताण म्हणतो, उत्तर कर्नाटकात 'केरवु' म्हणतात. पण ही दोन जगे वेगळी नाहीत, हे संतांच्या नावांवरून सहज कळते. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांत हरळय्या नावाचा समगार होता. त्याने वंदन केले तेव्हा बसवेश्वरांनी उलट दोनदा वंदन केले. ते ऋण फिटावे म्हणून हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी चपला केल्या, अशी कथा आहे. बसवेश्वर म्हणाले, या पायांत घालण्याची माझी योग्यता नाही. पुढे याच हरळय्याच्या मुलाचे लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाले, आणि त्या अपराधाबद्दल दोन्ही व्याह्यांना बिज्जळाने ठार मारविले, असे परंपरा सांगते. दुसरा शरण डोहर कक्कय्या. आपल्या खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला त्याची समाधी दाखवतात. आज महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या यादीत ढोर या नावाला जोडून कक्कय्या हे नाव आहे. घरात मराठी बोलणारा समाज कानडी शरणाचे नाव लावतो, याहून आणखी पुरावा कसला हवा? मराठी बाजूचे चर्मकार रोहिदासांना मानतात, आणि तेही काही मराठी संत नव्हेत. कातड्याला हात लावणाऱ्यांचे गोत भाषेने ठरले नाही. ते सगळ्याच भाषांनी त्यांना गावाबाहेर बसवल्यामुळे ठरले.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार रेघ पडली. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतरची चळवळ, महाजन आयोग, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. चपलेच्या धंद्याचीही त्या रेघेने दोन दारे केली. चर्मोद्योगासाठी महाराष्ट्राने १९७४ साली महामंडळ काढले, त्याला संत रोहिदासांचे नाव आहे. कर्नाटकाने १९७६ साली आपले काढले, त्याला बाबू जगजीवनराम यांचे नाव आहे. कारागीर तेच, अर्ज मात्र दोन भाषांत.

नवल असे की ज्या दोन राज्यांचे एका इंच जमिनीवर एकमत होत नाही, त्यांचे एका चपलेवर झाले. 'कोल्हापुरी चप्पल' या नावाला मिळालेले भौगोलिक मानांकन २०१९ साली गाजले, तेव्हा ते दोन्ही महामंडळांच्या नावे होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिकडचे चार. या आठ जिल्ह्यांत घडलेली चप्पल ती कोल्हापुरी. सीमाप्रश्नाच्या इतक्या वर्षांत दोन्ही सरकारांनी मिळून मान्य केलेला असा नकाशा माझ्या तरी दुसरा पाहण्यात नाही. आणि तो चांभाराच्या आरीने काढलेला आहे.

जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या फॅशन प्रदर्शनात हुबेहूब तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. आपल्याकडे संतापाची लाट उठली, कंपनीला मूळ भारतीय असल्याचे कबूल करावे लागले. महाराष्ट्रातून 'आमची चप्पल' असा घोष झाला, तेव्हा कर्नाटकातल्या एका मंत्र्यांनी अथणी-निपाणीच्या कारागिरांची आठवण करून दिली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. सुमारे दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे ठरले. झाले ते बरेच झाले. पण त्या भांडणात राज्ये बोलली, व्यापारी बोलले, वर्तमानपत्रे बोलली. वेणी विणणारी बाई फारशी कुठे बोलताना ऐकू आली नाही.

परदेशी कंपनीने नाव लपवले याचा आपल्याला राग आला, आणि तो रास्त होता. मग आपण तेच पिढ्यान् पिढ्या करत आलो, त्याचे काय? चप्पल दिवाणखान्यात मिरवली, घडवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले. त्याची जात उच्चारताना आवाज खाली केला आणि त्याच्या कामाचे नाव मात्र छातीवर लावले. कानडी बोलणाऱ्या घरात शिवलेली वस्तू मराठीपणाची निशाणी म्हणून वापरली, आणि तिथे तो बोलणारा आपल्याला दिसलाच नाही. आज त्या घरातला मुलगा शिकून दुसऱ्या कामाला लागतो. कातडे मिळणे कठीण, महाराष्ट्रात २०१५ नंतर आणि कर्नाटकात २०२१ नंतर गोवंशाच्या कायद्यांमुळे अधिकच कठीण. बाजारात रेक्झिनच्या स्वस्त नकला. त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचे, की तू हीच रापी धर, आमची संस्कृती टिकायला हवी? त्याला आधी मान आणि दाम हवा. संस्कृती त्याच्यामागून येईल, नाही तर येणार नाही.

आपण दोन भाषांत राहणारी माणसे. बाजारात एक बोलतो, घरात दुसरी. त्यामुळे ही चप्पल दोघांची आहे हे समजणे खरे तर आपल्याला सर्वांत सोपे. पुढचा जोड घेताना दुकानदाराला एवढेच विचारावे, की हा कुठल्या गावात शिवला, कुणी शिवला? उत्तर अथणी आले तर दचकू नये. नाव कोल्हापुरीच राहील. त्या नावामागे दोन्ही बाजूंची माणसे उभी आहेत, एवढे मात्र आपल्याला माहीत असावे.