जीपमागचा ट्रेलर आणि एक न ऐकलेला शब्द

मागच्या आठवड्यात देवासहून भाच्याचा फोन आला. "मामा, लिलावात निघालेला जीपचा जुना लष्करी ट्रेलर घेतलाय. जनरेटर, पंप आणि फवारणीचं यंत्र शेतावर न्यायचंय. बाजू उंच करतो, मोठे टायर टाकतो, मागचा पत्रा कापून फाळका बसवतो आणि अवजारांची पेटी मागे लावतो. कसं वाटतं?"

मी म्हटलं, "कटर चालवण्याआधी आठ दिवस थांब. तो ट्रेलर तसा का घडवला, ते आधी ऐक."

तर आजचा विषय तोच.

जुलै 1940. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची विचारणा केली. नमुना द्यायची मुदत होती फक्त 49 दिवस. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बॅंटम ही डबघाईला आलेली छोटी कंपनी पुढे सरसावली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि 23 सप्टेंबरला गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर वेळेत पोचली. तीच जीपची पूर्वज.

पण हजारो गाड्या काढण्याची बॅंटमची ऐपत आहे, असं लष्कराला वाटलं नाही. तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवले गेले आणि मोठी कामंही त्यांच्याकडेच गेली. बॅंटमच्या कारखान्यातून तीन हजारही जीप निघाल्या नाहीत. ज्या कंपनीने पहिली गाडी दिली, तिच्या वाट्याला पुढे त्या गाडीमागचा ट्रेलर आला.

तो ट्रेलर मात्र तिने विचारपूर्वक केला. जीप पाव टनी, म्हणजे अधिकृत भार 500 पौंड, साधारण 227 किलो. दारूगोळा, पाणी, वायरलेसच्या बॅटऱ्या एवढं सगळं त्यात मावत नाही. ट्रेलरचं स्वतःचं वजन सुमारे 550 पौंड आणि आडरानातला भार 500 पौंड. भरलेला ट्रेलर झाला पावणेपाचशे किलोंचा, आणि जीप सुमारे 1,100 किलोंची. मागचं वजन पुढच्याच्या निम्म्यापेक्षा कमी. ट्रेलरला चालताना लागणारे ब्रेक नव्हते, फक्त उभा करताना ओढायचा हातब्रेक होता. तरीही तो जीपला ढकलून देत नसे, त्याचं कारण हे वजनाचं प्रमाण.

टायर जीपचेच, 6.00-16 मापाचे. त्यामुळे एकच स्टेपनी दोघांना चाले. दोन्ही चाकांमधलं अंतरही जीपएवढंच, म्हणून चिखलात जीपने पाडलेल्या चाकोरीतूनच ट्रेलर येई. मागे फाळका नव्हता, कारण टप पाणी आत येऊ न देणारा होता आणि ओढा ओलांडताना तो तरंगे. आत शिरलेलं पाणी काढायला तळाला बुचं होती. युद्धानंतर बॅंटमने नागरिकांसाठी हाच ट्रेलर विकायला काढला, तेव्हा त्याला फाळका दिला. शेतकऱ्याला नदीत तरंगायचं नव्हतं, त्याला माल चढवायचा होता.

आपल्याकडे 1947 मध्ये महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. जीप आपल्या फौजेत रुळली आणि मागचा ट्रेलरही रुळला. माझी त्याच्याशी गाठ पडली ती 1980 च्या दशकात, डोंगराळ भागात.

मी नवखा अधिकारी होतो. ट्रेलरमध्ये चार्जिंग सेट, बॅटऱ्या आणि जेरीकॅन न्यायचे होते. पोचल्याबरोबर सेट पटकन उतरवता यावा म्हणून मी तो अगदी मागे ठेवायला लावला. ड्रायव्हर नाईक, मराठवाड्यातल्या शेतकरी घरातला. त्याने दांडी हाताने उचलून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, गाडी उलाळ होतीय." मी शहरात वाढलेला. शब्द कळला नाही आणि विचारायला कमीपणा वाटला. "चल, उशीर होतोय," एवढंच बोललो.

उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. मागच्या वजनाने दांडी वर उचलली जात होती, त्यामुळे जीपच्या मागच्या चाकांची पकड सुटत गेली. नाईकाने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घातली. मला खरचटलं. त्याचं मनगट मोडलं.

चौकशीत मला विचारलं, वेग जास्त होता का? मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण निघण्याआधी त्याने काय सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तोही गप्प राहिला. त्याच्या नावावर रेड इंक एंट्री झाली, बढती लांबली.

काही वर्षांनी सुट्टीत आजोळी गेलो असता ऊस भरणाऱ्या गाडीवानाच्या तोंडी तोच शब्द ऐकला. वजन मागे गेलं की गाडी उलाळ, पुढे आलं की धुरजड. उलाळ गाडीत जू बैलांच्या गळ्याला लागतं आणि फार धुरजड झाली तर मानेवर भार येतो. म्हणून गाडी किंचित धुरजड भरावी. आज ट्रेलरवाले सांगतात की एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा. नाईकाने तेच मला एका शब्दात सांगितलं होतं.

आता भाच्याला उत्तर. फाळका खुशाल बसव, पण कापलेल्या कडेला आतून अँगल वेल्ड कर, कारण टपाची ताकद त्या पत्र्यात आहे. मोठे टायर नकोत. उंची वाढली की आडव्या उतारावर ट्रेलर कलंडतो आणि जीपची स्टेपनीही चालेनाशी होते. बाजू उंच केल्यास की भरण्याचा मोह होतो, तेव्हा भाराचा आकडा आतल्या बाजूला रंगवून ठेव. जनरेटर अॅक्सलच्या किंचित पुढे आणि पेटी दांडीवर. भरून झाल्यावर दांडी हुकाच्या उंचीला आणून घरातल्या वजनकाट्यावर टेक. पावणेपाचशे किलोंना काटा 48 ते 70 दाखवायला हवा.

आणि गाडी चालवणारा काही म्हणाला, तर निघण्याआधी त्याला अर्थ विचार. त्या नाईकाचं नाव इथे घेत नाही. पण चौकशीत मी जे सांगायला हवं होतं, ते आज तुमच्यासमोर सांगितलं. चूक माझी होती.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.