घारापुरी : बेट कोणाचे?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात पोहोचता येते, म्हणून घारापुरी मुंबईचीच, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. आमची हयात सरकारी दप्तरांत गेल्यामुळे असल्या सीमांचे आम्हांस कुतूहल वाटते. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेच्या बेटाची कथाही अशीच आहे. भोवतीचे पाणी न्यू जर्सीचे आणि भूमी न्यूयॉर्कची, असा निवाडा तेथे १८३४ च्या करारान्वये झाला.

घारापुरीशी आम्हां हुबळी-धारवाडकरांचा धागा जुना आहे. १९५६ पर्यंत आपला जिल्हाही मुंबई राज्यातच होता, हे झाले अलीकडचे. परंतु ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरील इ. स. ६३४ च्या शिलालेखात, दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौकांनिशी पुरी नगरी जिंकल्याचे रविकीर्तीने नोंदविले आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही विद्वान मानतात. इतरांना ते मान्य नाही. लेणी मात्र त्यापूर्वीची, सहाव्या शतकातील मानली जातात. कलचुरी कृष्णराजाची नाणी बेटावर सापडल्याने त्यांचे श्रेय बहुधा कलचुरींकडे जाते. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की, लेण्यातील शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठविला आणि तो तेथे गहाळ झाला. मूर्तींच्या तोडफोडीहूनही हे नुकसान आम्हांस मोठे वाटते. मूर्ती भंगली तरी बोलते. हरवलेला लेख कायमचा मुका होतो.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसईबरोबर हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा पक्का झाला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, त्याची मान १८१४ मध्ये कोसळली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात क्रेनची साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. ते जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या उद्यानात आहे. म्हणजे बेटाचे नाव मुंबईत आणि बेट रायगडात!

सध्याची व्यवस्थाही दुहेरीच आहे. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात, तर शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या वस्त्यांचा कारभार घारापुरी ग्रामपंचायतीकडे. लेणी पाहण्याचे तिकीट पुरातत्त्व विभागाचे, प्रवासी कर पंचायतीचा. १९८७ मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. संरक्षित स्मारकाभोवतालच्या बांधकामावर कायद्याचे निर्बंध आहेत, ते आवश्यकच. पण घर वाढवू पाहणाऱ्या ग्रामस्थाला या वारशाचा पहिला अनुभव परवानगीच्या कागदांतूनच येतो, हेही विसरता कामा नये. महानगरीचे दिवे ज्या किनाऱ्यावरून रोज दिसत, तेथे अखंड वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून टाकलेल्या केबलने. तोवर रात्री काही तास जनरेटर चाले आणि मग बेट अंधारात बुडे.