ब्रिक गेमची धून आणि कापडवाल्यांची पोरं

पोस्ट जरा लांबली आहे, सवडीने वाचा.

पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या आपल्या खान्देशी माणसांबद्दल लिहायचं म्हटलं की डाइंग मिल, ऊसतोड, भाड्याच्या खोल्या आणि भुसावळची गाडी हेच येतं. ते खरंच आहे. पण त्या खोल्यांमधल्या पोरांच्या हातात काय होतं, हेही कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. नव्वदचं दशक संपता संपता आणि दोन हजारनंतरची काही वर्षं आमच्या हातात ब्रिक गेम होता. सेलवर चालणारा, वरून ठोकळे पडणारा. आम्ही त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. आज त्याच्याबद्दल आणि त्याच्या पिकपिक वाजणाऱ्या गाण्याबद्दल लिहितो. ते गाणं फिरून फिरून आपल्या कापडाशीच येऊन पोचतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी तो आला कसा ते बघू. १९९१ नंतर बाजार हळूहळू उघडत गेला, तरी परदेशी खेळणी बरीच वर्षं कुणाच्या तरी बॅगेतून किंवा चोरवाटेनेच यायची. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि चिनी माल रस्त्यावर आला. सुरतच्या चौटा बाजारात, स्टेशनबाहेर, जत्रेत, सगळीकडे प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेले ब्रिक गेम दिसायचे. जपानी कंपनीचा अस्सल ‘गेम बॉय’ आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो घ्यायचा तर मिलमधला महिन्याचा पगार पुरला नसता. ब्रिक गेम मात्र दिवाळीला, हट्ट केला तर, मिळू शकायचा. दोन-तीन घरांत मिळून एक, असंही चालायचं.

पाठीवर ‘९९९९ इन १’ असं ठसठशीत छापलेलं असायचं. प्रत्यक्षात खेळ मोजकेच: ठोकळे, गाडीची शर्यत, रणगाडा, साप, वीट फोडणं, रस्ता ओलांडणारा बेडूक. त्यांचा वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला. आम्हाला ते लवकरच कळलं होतं, पण गावी गेल्यावर मामाच्या पोरांना ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव’ सांगताना छाती फुगायची, हेही खरं.

आतलं यंत्र अगदी साधं होतं. पडद्यावर आडवे दहा आणि उभे वीस, असे दोनशे चौकोन. प्रत्येक चौकोन काचेतच कायमचा कोरलेला, फक्त काळा व्हायचा किंवा विरून जायचा. गेम बंद असताना उन्हात तिरपा धरला की सगळे चौकोन फिकट दिसायचे. मधला राखाडी रंगच नव्हता. मागे दिवा नव्हता, त्यामुळे लाइट गेली की खेळ संपला. आत एक छोटी चिप, बऱ्याच गेममध्ये तैवानच्या होल्टेक कंपनीची, आणि आवाजासाठी पैशाएवढी एक चकती. ती एका वेळी एकच सूर काढायची. आपल्याकडे सनईवाला वाजवतो तेव्हा शेजारी दुसरा माणूस नुसता सूर धरून बसलेला असतो. इथे सूर धरायला कुणी नाही, एकट्याचाच कारभार. म्हणून तो आवाज तसा उघडा, टोकदार लागायचा.

आणि त्या आवाजावरूनच घरात भांडणं. बारा तासांच्या पाळ्या, एकच खोली. आबा रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि दुपारपर्यंत झोपायचे. स्टेंटरच्या गरमीतून आलेल्या माणसाला ती पिकपिक सहन व्हायची नाही. ‘बंद कर ते, नाहीतर फेकून दीन!’ हे वाक्य आमच्या चाळीत दर दोन घरांनी ऐकू यायचं. म्हणून बहुतेक पोरं आवाजाचं बटन दाबून मुक्यानेच खेळायला शिकली. धून ऐकायची ती बाहेर, नाल्याच्या कठड्यावर बसून, सगळी मिळून. कान त्या गाण्याला आसुसलेले असायचे, त्याचं एक कारण हेही असेल.

आता खेळाचा जन्म. ठोकळ्यांचा मूळ खेळ ‘टेट्रिस’. १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेय पाजितनोव यांनी तो बनवला. त्यांच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ संगणकावर चित्र काढायची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले. चार चौकोन जोडून होणारे सात आकार, बस्स. सहकारी दिमित्री पाव्लोव्स्की आणि सोळा वर्षांचा वदिम गेरासिमोव यांच्या मदतीने तो आयबीएम संगणकावर आला आणि फ्लॉपीवरून फुकटात हातोहात पसरला. नोकरी सरकारी, संगणक सरकारी, म्हणून हक्कही सोव्हिएत सरकारचे. खेळ जगभर विकला गेला, पण पाजितनोव यांना कमाईतला वाटा १९९६ पर्यंत मिळाला नाही.

१९८९ मध्ये निन्टेंडोने ‘गेम बॉय’ काढला. हेन्क रॉजर्स हा माणूस खटपट करून मॉस्कोला गेला, हातातल्या यंत्रासाठीचे हक्क मिळवले, आणि अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच टेट्रिस देऊ लागले. त्याच्या साडेतीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. गेम बॉय बनवणारे गुनपेई योकोइ यांचं धोरण असं, की जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते नव्या रीतीने वापरायचं. आपल्या ब्रिक गेमने तेच धोरण आणखी खालच्या पायरीवर आणलं, तेही कुणाला न विचारता.

गेम बॉयच्या चिपमध्ये आवाजाचे चार मार्ग होते. दोन चौकोनी लहरींचे, एक हवी तशी लहर घडवण्याचा आणि एक नुसत्या खरखरीचा, ज्यावर ढोल-झांजेचं काम भागवायचं. एवढ्यावर हिरोकाझू तानाका यांनी टेट्रिसचं संगीत बसवलं. एकाच मार्गावर तीन सूर भराभर आलटून पालटून वाजवले तर कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटतात, अशा युक्त्या त्या काळच्या लोकांनी शोधल्या. गरजेतून निघालेल्या ह्या आवाजाला पुढे ‘चिपट्यून’ म्हणू लागले. १९९८ च्या सुमारास ‘नॅनोलूप’ आणि त्यानंतर ‘एलएसडीजे’ हे प्रोग्राम आले, तेव्हा लोक गेम बॉयच हातात धरून मैफिली करू लागले.

टेट्रिसची सगळ्यांना माहीत असलेली धून म्हणजे ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत. आमच्या चाळीतल्या एक-दोन ब्रिक गेमवर तीच वाजायची, बाकीच्यांवर दुसऱ्या कसल्या. ते गीत निकोलाय नेक्रासोव या कवीच्या १८६१ सालच्या कवितेवरून आलं. ‘कोरोबेइनिकी’ म्हणजे पेटी पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारे फेरीवाले. गाण्यातला तरुण फेरीवाला आपल्या पेटीत काय आहे ते सांगतो, आणि पेटीत आहे कापड! छापील सुती कापड आणि जरीचं कापड.

मला हे बऱ्याच उशिरा कळलं आणि मी दोनदा वाचलं. त्या छापील सुती कापडाला रशियन शब्द आहे ‘सितेत्स’. तो डच भाषेतून तिकडे गेला, आणि डचांनी तो आपल्याकडून उचलला. आपली ‘चीट’, गुजरातीतली ‘छींट’, तोच शब्द. सतराव्या शतकात डच आणि इंग्रजांच्या वखारी सुरतेत होत्या, डचांची कबरस्तानं अजून शहरात उभी आहेत. हिंदुस्थानचं छापील कापड ज्या बंदरांतून बाहेर गेलं त्यांत सुरत मोठं. म्हणजे बघा, कापड छापणाऱ्या मिलमधल्या कामगाराचं पोर पलसाण्यात नाल्याच्या कठड्यावर बसून चिनी डब्यावर ऐकत होतं रशियन कापडवाल्याचं गाणं, आणि त्या गाण्यातल्या कापडाचं नाव इथूनच गेलेलं. शब्द नव्हते म्हणून आम्हाला कळलं नाही. धून तेवढी पाठ झाली.

पलसाण्याची जागाही तशीच आहे. मुंबई-अहमदाबाद हायवे इथून जातो, आणि हजिऱ्याचा रस्ता त्याला इथेच छेदून बारडोली, व्यारा, नवापूर, धुळे, जळगावकडे निघतो. त्याच रस्त्याने आपली माणसं आली. ऊसतोडीला चलथाणकडे आलेली परत जायची, मिलमध्ये लागलेली राहिली. जिगर, जेट, स्टेंटर, फोल्डिंग अशी खाती. दिवसभर ताक्यांवर ताके रचायचे, फट राहू द्यायची नाही. आमचे एक काका फोल्डिंग खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी गेम हातात घेतला की आम्हा पोरांपेक्षा जास्त ओळी काढायचे. ‘हे तर आमचं रोजचं काम’ म्हणायचे.

हे सगळं लिहायचं कारण पुढे आहे. पाजितनोव यांचं नाव उशिरा का होईना, जगाला कळलं. आपण खेळलो ते डबे कुणी जुळवले, त्यांची नावं कुठेच नाहीत. आणि देशभर जी सुरतची साडी नेसली जाते, ती रंगवली कुणी, इस्त्रीच्या गरमीत कोण उभं राहिलं, घडी कुणी घातली, हेही साडीवर कुठे लिहिलेलं नसतं. सुरतच्या कापडावर पुस्तकं आहेत, व्यापाऱ्यांची नावं आहेत, मिलची नावं आहेत. पाळीवर गेलेल्या आपल्या आबा-नानांची हजेरी मस्टरवर होती, ती मस्टरं रद्दीत गेली. ज्यांना विचारायचं ती माणसंही आता थोडीच राहिली आहेत. त्यातल्या कित्येकांना ऐकू कमी येतं, कारण आयुष्य मशिनच्या आवाजात गेलं. पोरांची पिकपिक मात्र त्यांना अजून आठवते, हे मी विचारून पाहिलंय.

तर मंडळी, कमेंटमध्ये दोन गोष्टी लिहा. ब्रिक गेम अजून कुणाच्या माळ्यावर असेल तर फोटो टाका. सेल आतच राहून कुजले असतील, ते काढून मग चालू होतो का बघा. आणि त्यासोबत तुमचे वडील, काका किंवा आई कोणत्या साली, कोणत्या गावाहून आली आणि कोणत्या खात्यात लागली, तेही लिहा. एक ओळ लिहिली तरी चालेल. सगळं एका वहीत उतरवून ठेवायचं मी मनावर घेतलंय.