बाबासाहेब हरले, त्यानंतरची पाच वर्षं

निकालाच्या रात्री फोन उलटा करून ठेवणारे, ग्रुप म्यूट करणारे आपल्यात बरेच असतील. अशांचा एकच प्रश्न असतो: आपली बाजू हरली, आता करायचं काय? सल्ला देणं मला जमत नाही. गोष्ट मात्र सांगतो, आणि ती मुंबईतलीच आहे.

जानेवारी १९५२. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. आता ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून उभे होते. निशाणी हत्ती, युती समाजवाद्यांशी. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर.

काजरोळकरांना १,३८,१३७ मतं. बाबासाहेबांना १,२३,५७६. म्हणजे ज्याने घटनेचा मसुदा घडवला, तो माणूस त्या घटनेखालची पहिलीच निवडणूक १४,५६१ मतांनी हरला. देशभरात फेडरेशनला लोकसभेच्या जागा मिळाल्या फक्त दोन.

इथे जरा थांबूया, कारण हा पराभव साधा नव्हता. मतदारसंघ दुहेरी होता: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. एकाच्याच पेटीत दोन्ही टाकली, की त्यातलं एक बाद. अशी हजारो मतं वाया गेली. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे त्याच मतदारसंघात उभे होते आणि बाबासाहेबांचा राग त्यांच्यावर होता. मतं मुद्दाम कुजवायला लावली, असा आरोप झाला. बाबासाहेब आणि युतीतले अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्जही केला. तो फेटाळला गेला.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. रील्समध्ये सांगतात की महापुरुष हरतात, हसतात आणि लगेच कामाला लागतात. छे! बाबासाहेबांना लागलं होतं. तब्येत ढासळत होती, मधुमेहाने पोखरलं होतं. त्यांनी हिशोब मागितला, दाद मागितली. रागावणं हा पराभव पचवण्याचाच भाग होता.

पण त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले आणि तिथून सरकारला धारेवर धरत राहिले. औरंगाबादचं कॉलेज चालू होतंच, त्याला निकालाशी देणंघेणं नव्हतं. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली, पुन्हा दुहेरी मतदारसंघ. ते उभे राहिले आणि पुन्हा हरले, आठ हजारांहून जास्त मतांनी. मित्रपक्षाचे अशोक मेहता मात्र तिथूनच निवडून आले. विचार करा, कार्यकर्त्यांना काय वाटलं असेल! आपण मित्राला मत दिलं, आपल्या माणसाला कोणी दिलं?

आणखी एक गंमत बघा. ज्या बिलासाठी त्यांनी खुर्ची सोडली, त्याचेच तुकडे पुढे त्याच काँग्रेसच्या संसदेने कायदे म्हणून मंजूर केले. १९५५ ला विवाह कायदा, १९५६ ला वारसा कायदा. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेतच होते, पण मंत्री म्हणून नाही. जिंकलेल्यांच्या हातून हरलेल्याचं काम झालं. ते मूळ बिलाएवढं नव्हतं, आणि श्रेयाचं तर विचारूच नका.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या साक्षीने त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्या गर्दीला कुणी तिकीट देणार नव्हतं, कुठली मतमोजणीही नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले.

मग १९५७ ची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत फेडरेशन समितीबरोबर होतं. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. आणि मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून दोघं निवडून आले: एक फेडरेशनचे गोपाळ माने, आणि दुसरे, हो, तेच कॉम्रेड डांगे. १९५२ ला ज्यांनी हत्तीच्या पेटीत मत टाकलं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी यावेळी दुसरं मत डांग्यांना दिलं असणार. ते देताना हात अडखळला असेल का, हे त्यांच्या नातवंडांना विचारायला हवं. तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा परळ, लालबाग, नायगावचे असतील, तर विचारून मला नक्की कळवा.